दळीची नाचणी, विरजणाची वाटी

आंबील चुलीवरून उतरली की आजी तिच्यात करंगळी बुडवायची. चटका बसला तर ताकाचा गडवा बाजूला ठेवायची. म्हणायची, "थांब अजून. आत्ता ताक घातलंस तर नासेल." माझं माहेर माथेरानच्या पायथ्याचं, कर्जत तालुक्यातलं, आणि सासर खालापुरातलं. दोन्ही घरांत ही करंगळी मी पाहिली. तिच्यामागचं शास्त्र मात्र मला फार उशिरा समजलं.

आमच्याकडे भात खाली खाचरांत पिकतो आणि नाचणी-वरी वर वरकस जमिनीत. भाताला मान मोठा. कर्जतला भात संशोधन केंद्र १९१९ सालीच सुरू झालं, कर्जतच्या नावाने भाताचे वाण निघाले. नाचणीच्या वाट्याला डोंगर आला. इंग्रजी अमदानीत जंगल खात्याने ठाकूर-कातकऱ्यांना उतारावरचे तुकडे कसायला दिले, त्यांना दळी म्हणतात. फांद्या तोडून राब जाळायचा, पाऊस पडला की नाचणी लावायची, पुढे वरी, आणि मग जमीन विसाव्याला सोडायची. पावसाळ्यात भाताची कणगी तळाला गेली की खाचरवाल्यांची पोटंही याच दळीच्या दाण्यावर निघत. हे ऋण आमच्या गावांनी कधी मोकळेपणाने मानलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आंबिलीसाठी रात्री नाचणीचं पीठ मडक्यात पाण्यात कालवून ठेवायचं. सकाळपर्यंत त्याला बारीक बुडबुडे येत आणि आंबूस वास सुटे. पिठातले जिवाणू रात्रभर साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्याचा तो वास. नाचणीतलं लोह आणि कॅल्शियम धरून ठेवणारं फायटेट आंबवण्याने कमी होतं आणि ते क्षार अंगाला जास्त लागतात. मग आधणात हे पीठ वैरून घाटायचं. पण उकळीत ते जिवाणू मरतात. जिवंत जिवाणू येत ते ताकातून, आणि म्हणून आंबील निवल्यावरच ताक घालायचं. आजीने जिवाणू हा शब्द ऐकला नव्हता, पण ते किती ऊन सोसतात हे तिच्या करंगळीला ठाऊक होतं. दूध विरजतानाही तीच करंगळी. दूध गरम असलं तर विरजण मरतं, गार असलं तर दही धरत नाही.

विरजण विकत आणायची वस्तू नव्हती. आमचं बिघडलं की शेजारून वाटी यायची, त्यांचं बिघडलं की आमच्याकडून जायची. दिवेलागणीनंतर मात्र कोणी देत नसे. वाडीतल्या सगळ्या घरांचं दही असं एकमेकांचं नातलग होतं.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉफ यांनी १९०७ साली, बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात, असं मांडलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. मेचनिकॉफ यांचं म्हणणं सगळं टिकलं नाही. दह्यातले जिवाणू बहुतेक पोटात मुक्काम करत नाहीत, पाहुण्यासारखे येतात आणि जातात. म्हणून ताक रोजचं हवं. शिवाय प्रोबायोटिक म्हणायचं तर तो जिवाणू जिवंत हवा, पुरेशा संख्येने हवा आणि त्याचा फायदा सिद्ध झालेला हवा. घरच्या प्रत्येक दह्याला ते नाव लावता येत नाही, आणि मी लावणारही नाही.

आतड्यात कायमचे राहतात ते वेगळे. त्यांना हवा असतो चोथा: नाचणीचा कोंडा, कडवे वाल, करांदे, रानभाज्या. हा चोथा आंबवून ते ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या पोटातल्या जिवाणूंवर काम झालं आहे. धान्य-डाळी खाणाऱ्या आपल्या लोकांत प्रेव्होटेला गटातले जिवाणू भरपूर सापडतात. म्हणजे आंबिलीच्या एका वाडग्यात ताकातले पाहुणेही होते आणि घरच्यांचं जेवणही होतं.

माझ्या डोळ्यांदेखत हा वाडगा ताटातून गेला. पोरं शिकली, आंबील गरिबीची वाटू लागली. जेवणाच्या डब्यातून मीच ती पहिली काढली, मुलीला वर्गात कोणी हसू नये म्हणून. दळीच्या हक्कासाठी ठाकूर-कातकरी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे करत राहिले, आणि इकडे खाचरांच्या जागी बंगले उठले.

आता तीच मुलगी पुण्याहून येते आणि नाचणीचं पीठ मागून नेते. परवा तिला विरजणही हवं होतं. पुण्याकडच्या गाडीला घाटासाठी मागची इंजिनं लागेपर्यंत कर्जतला वेळ मिळतो. तेवढ्यात मी खिडकीतून स्टीलची डबी तिच्या हातात दिली. तिने विचारलं, "दूध किती गरम करू?" मी करंगळी वर केली.