कातड्याची मोट कोणी मोडली?

साताऱ्याच्या उत्तरेला लिंब गावाजवळ जी बारा मोटेची विहीर आहे, ती पाहायला हल्ली सुटीच्या दिवशी गर्दी होते. छत्रपती शाहूंच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. दगडी कमानी, आतला महाल, मोटा चालवण्यासाठी काठावर केलेल्या जागा, हे सगळे आज तीनशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहे. नाही ती फक्त मोट. विहिरीचे नावच मोटांवरून पडले, तरी त्या बारा मोटा कोणी शिवल्या, त्यांचे कातडे कुठून आले आणि दर काही हंगामांनी त्या बदलायच्या झाल्या की नवे कातडे कोण पुरवत होते, हे प्रश्न तिथे कोणाला पडत नाहीत. दगड टिकतो, त्यामुळे त्याचा इतिहास लिहिला जातो. सतत पाण्यात भिजणारे आणि उन्हात वाळणारे कातडे कुजते, त्याची शिवण उसवते आणि त्याच्याबरोबर ते शिवणाऱ्याचा हिशेबही जातो. सातारा-सांगलीच्या बागायतीचा इतिहास सांगताना आपण विहीर, पाट, धरण आणि इंजिन यांची नावे घेतो. त्या बागायतीचा निम्मा भार ज्या चामड्याच्या पिशवीवर होता तिच्याबद्दल मात्र एका वाक्यात निकाल देतो: इंजिन आले आणि मोट गेली. हे वाक्य अर्धेच खरे आहे. मोट बंद पडली ती इंजिनामुळे, पण कातड्याची मोट त्याच्या आधीच अडचणीत आली होती आणि तिच्या अडचणीचे कारण यंत्रात नव्हते, कातड्यात होते.

मोट म्हणजे नुसते चामड्याचे पोते नव्हे. तिची रचना पाहिली की ती किती विचारपूर्वक केलेली होती हे कळते. वरच्या रुंद तोंडाला लोखंडी कडे, त्याला बांधलेला जाड नाडा, आणि खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, म्हणजे सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर खालच्या रुळावरून. मोट भरून वर येत असते तेव्हा सोंदूर सोंडेला वळवून तोंडाच्या उंचीवर धरतो, त्यामुळे पाणी सांडत नाही. वर आल्यावर नाडा मोटेला चाकापर्यंत नेतो आणि सोंदूर सोंडेला थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, ओढतो. पाणी आपोआप ओतले जाते. विहिरीच्या काठावर मोट उपडी करायला दुसरा माणूस लागत नाही. मोटकरी नाड्यावर बसून बैलांना उतरत्या धावेवरून हाकतो, मग बैल मागच्या पावली वर सरतात आणि मोट पुन्हा पाण्यात बुडते. शे-दीडशे लिटर पाणी एका खेपेत उचलणारी ही व्यवस्था केवळ लवचिक वस्तूचीच होऊ शकते. दगडी काठाला आपटली तरी ती दबते आणि सुटते, रिकामी झाली की हलकी होते, आणि सोंड हवी तशी वळते. कातड्याइतकी लवचिक, मजबूत आणि गावातच मिळणारी दुसरी वस्तू त्या काळी नव्हती.

आता हे कातडे मिळायचे कसे ते पाहू. बैल किंवा म्हैस मेली की जनावर ओढून गावाबाहेर नेण्याचे आणि सोलण्याचे काम महारांवर असे. कुठे कातडे त्यांच्या हक्काचे, कुठे ते मालकाला परत द्यायचे. रीत गावागणिक बदले. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाचे. चुन्याच्या खड्ड्यात ठेवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे. बाभूळ नदीकाठाला आणि माळावर भरपूर, हिरडा जावळी-महाबळेश्वरच्या रानातून येई. कमावण्याची एक रीत तर मोठी अर्थपूर्ण आहे: कातडेच पिशवीसारखे शिवून, आत साल आणि पाणी भरून, ते तिकाटण्याला टांगून ठेवायचे. म्हणजे मोट होण्याआधीच कातडे एकदा मोट झालेले असे. त्यानंतर चांभाराची रापी आणि आरी. शिवणही दोऱ्याची नव्हे, चामड्याच्याच वादीची, कारण पाण्यात दोरा कुजतो. नाडा मांगाने वळायचा. एका मोटेसाठी असे चार समाजांचे हात लागत. मोटेची डागडुजी बलुत्यात धरलेली असे; त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या 1915 सालच्या ‘गांवगाडा’मध्ये बलुत्याच्या या व्यवहाराची आणि त्यातल्या तक्रारींची सविस्तर चर्चा आहे. मोट कामातून गेली तरी कातडे फेकले जात नसे. चांगला उरलेला भाग वहाणांच्या तळाला, जोत्याला, आसुडाच्या वादीला जाई. मेलेल्या जनावरापासून सुरू झालेली वस्तू शेवटच्या तुकड्यापर्यंत वापरली जाई.

या काटकसरीचे आज कौतुक होते आणि ते काही अंशी रास्तही आहे. पण ती काटकसर स्वस्त का पडत होती हे विचारले की चित्र बदलते. कच्चा माल जवळजवळ फुकट होता, कारण मेलेले ढोर ओढण्याचे काम वतनाच्या नावाखाली सक्तीचे होते. कारागिराचा मोबदला खळ्यावर, पीक आले तर, आणि मालकाच्या मर्जीने. ज्यांच्या हातून मोट तयार होई त्यांना त्याच विहिरीच्या काठावर चढायची मुभा नव्हती. मोटेवरची गाणी आपण जपून ठेवली. ती मोटकऱ्याची, म्हणजे बैलांमागे असणाऱ्याची. मोट शिवणाऱ्याचे गाणे तितक्या कौतुकाने जपल्याचे दिसत नाही.

इंजिनाच्या बाजूने जे बोलतात त्यांच्याकडे भक्कम पुरावा आहे हे मान्य करायला हवे. 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून तो पुढे पंपांपर्यंत पोहोचला. स्वातंत्र्यानंतर तेलाची इंजिने, मग वीज, सांगलीला आणि रेठऱ्याला सहकारी साखर कारखाने, कृष्णेवरच्या उपसा योजना. उसाला जेवढे पाणी लागते तेवढे बैलांच्या चालीने कधीच मिळाले नसते. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच सुमारास तिथली विहीर बैलाकडून यंत्राकडे गेली. इथवर वाद नाही.

वाद सुरू होतो तो पत्र्याच्या मोटेपाशी. चामड्याची मोट आणि इंजिन यांच्या मध्ये आणखी एक वस्तू येऊन गेली आहे: लोखंडी किंवा जस्ती पत्र्याची मोट. तिला धाव तीच, बैल तेच, नाडा तोच. म्हणजे इंजिन येण्याआधी, किंवा इंजिन परवडत नसताना, लोकांनी फक्त कातडे बदलले. आणि बदलून जे घेतले ते यांत्रिकदृष्ट्या कमी प्रतीचे होते. पत्रा जड, काठावर आपटला की पोचे पडतात, रिकामा असतानाही बैलांना त्याचा भार. सोंडेसाठी पत्रा चालत नसल्याने ती पुष्कळदा चामड्याचीच जोडावी लागे. चांगली, हलकी, पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तू सोडून शेतकरी जड वस्तूकडे वळतो तेव्हा त्याला नवेपणाची हौस नसते. जुनी वस्तू त्याला मिळेनाशी किंवा परवडेनाशी झालेली असते. इंजिनाने मोट मारली असे म्हणणाऱ्यांनी या मधल्या पत्र्याचा हिशेब द्यायला हवा, आणि इंजिनाकडे बोट दाखवून तो देता येत नाही.

कातडे महाग होण्याची सुरुवात रेल्वेपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग गेला आणि वाठार, कराड, मिरज ही स्टेशने मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. हिंदुस्थानातून कच्ची कातडी परदेशी जाण्याचे प्रमाण याच काळात वाढत होते. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांचा मोठा गिऱ्हाईक जर्मनी होता. 1876-77 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात जनावरे मेली, आणि दुष्काळ म्हणजे कातड्याच्या व्यापाऱ्याचा सुगीचा हंगाम. निर्यात एवढी मोठी झाली की 1919 मध्ये सरकारने कच्च्या कातड्यांवर पंधरा टक्के निर्यात जकात बसवली. खेड्यातल्या मोटेपर्यंत याचा परिणाम पोहोचायला आकडेमोड लागत नाही. गावकुसाबाहेर जे कातडे कमावण्याखेरीज कोणाच्या कामाचे नव्हते, त्याला आता रोख दाम देणारा माणूस स्टेशनावर उभा होता. जे फुकटात हाती येई त्याला भाव आला की त्यावर उभी असलेली वस्तू स्वस्त राहत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. भाव वाढला तर कारागिरालाही चांगले दिवस यायला हवे होते. धंदा वाढायला हवा होता, संपायला नव्हे. बाजाराचे साधे गणित तेच सांगते. पण बलुत्यातला कारागीर बाजारात नव्हता. कातडे बाजारात गेले, त्याची मजुरी मात्र खळ्यावरच राहिली. कच्चा माल रोखीत आणि मोबदला धान्यात, ही दोन टोके जुळणे अवघड होते. शिवाय कातड्याला चांगला भाव मिळाला म्हणून ते ओढणाऱ्याचा अपमान कमी झाला नाही, आणि साखळीची पहिली कडी तुटली ती तिथेच. साताऱ्याच्या शाळेत 1900 साली ज्यांचे नाव दाखल झाले त्या बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मेलेले जनावर ओढण्याचे आणि त्याचे मांस खाण्याचे सोडून द्या, असे आवाहन केले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे बिल आणले. गावोगावी महारांनी काम नाकारले, त्याबद्दल बहिष्कार सोसले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली तेव्हा कायद्याने फार काही नवे केले नाही. लोकांनी आधीच सोडलेल्या सक्तीवर शिक्कामोर्तब केले. आर्थिक कारण आणि सामाजिक कारण असे दोन वेगळे खटले इथे मांडता येत नाहीत. कातडे फुकट होते कारण श्रम फुकट होते. त्यातले एक जरी सुटले तरी दुसरे टिकणार नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. चामड्याच्या मोटा स्वातंत्र्यानंतरही चालत होत्या. म्हणजे 1927 किंवा 1919 ने तर त्या संपल्या नाहीत. खरेच. पण एखादी वस्तू वापरात असणे आणि ती नव्याने बनत असणे यांत फरक आहे. ठिगळे लावून, वादी बदलून, जुन्या मोटेची सोंड दुसरीला जोडून ती पुढे ढकलता येते. डागडुजीची संस्कृती जितकी पक्की तितका धंद्याचा अंत उशिरा दिसतो. कोरडवाहू पट्ट्यात, जिथे विहिरी खोल आणि उन्हाळ्यापूर्वीच आटत, तिथे इंजिन विकत घेणे परवडत नव्हते. म्हणून ठिगळाची मोट तिथे सर्वांत जास्त काळ रेंगाळली. गरीब विहिरींवर ती शेवटपर्यंत होती याचा अर्थ ती तिथे भरभराटीत होती असा नाही.

आणि कसब तर गेलेच नव्हते. सातारा-सांगली आणि शेजारचे कोल्हापूर, सोलापूर अशा चार जिल्ह्यांच्या नावे 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकातले चार जिल्हे त्यात जोडीला आहेत. बाभूळ-हिरड्यात कमावलेले तेच चामडे, तीच आरी, तीच वादीची शिवण. चपलेला गावाबाहेरचे रोखीचे गिऱ्हाईक मिळाले, आठवडी बाजार मिळाला, पुढे परदेशही. मोटेला गिऱ्हाईक होता तो बलुत्यातला एकच, विहिरीचा मालक. आणि त्याला ती कधी पूर्ण किमतीत विकत घ्यावी लागली नव्हती.