ख्रिस्ती तरुण आणि घरचे गाणे



वसंत व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ती नाशिक रस्त्याने चालत चालत मोशी ओलांडून कुरुळीपर्यंत आली, याचा आम्हांला आनंद आहे. दिवसपाळी आटोपून, डबा हातात घेऊन तसेच इकडे आलेले श्रोते आम्हांला समोर दिसत आहेत. अशा श्रोत्यांपुढे बोलताना वक्त्याने लांबण लावू नये, हा धडा आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

आजचा विषय आम्हांला एका तरुणाने दिला. तो नगर जिल्ह्यातला. चाकणच्या एका कारखान्यात काम करतो आणि कुरुळीत चौघांबरोबर खोली करून राहतो. धर्माने तो ख्रिस्ती आहे. त्याच्या हाताला ढोलकीचा चांगला ठेका आहे. खोलीतले मित्र गणेशोत्सवात ढोलपथकात जातात आणि त्यालाही बोलावतात. आळंदीच्या वाटेने दिंडी निघाली की टाळांच्या आवाजाने याचे पाय थांबतात. मोबाइलवर सिनेमाची गाणी ऐकतो, रविवारी उपासनेत गातो. एके दिवशी त्याने आम्हांला विचारले, "सर, माझी श्रद्धा एकीकडे आणि माझे कान दुसरीकडे, असे झाले आहे. हे पाप म्हणायचे की काय?"

आम्ही धर्मोपदेशक नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. तेव्हा पापपुण्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा विचारला गेला तो या खोलीत नव्हे, एवढे आम्ही त्याला सांगू शकलो. हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे, आणि मोठमोठ्या माणसांनी त्यावर आपले आयुष्य खर्ची घातले आहे. त्यांतल्या काहींची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम गोव्याकडे वळू. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टी प्रांतात राहिला. त्याने इथली भाषा अशी आत्मसात केली की मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्यांत आज त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. ओव्या सुमारे अकरा हजार. भाषा मराठी, परंतु छपाई रोमन लिपीत.

हा ग्रंथ का झाला, याची हकीकत ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठला आणि त्याने विचारणा केली. तिचा मथितार्थ असा : तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? श्रोतेहो, या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. या माणसाने बाप्तिस्मा घेतला होता, त्याला जुना देव परत नको होता. त्याला हवी होती ती संध्याकाळ. चार माणसांनी एकत्र बसावे, एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी ती संध्याकाळ होती. देव बदलला तरी कानाची भूक बदलली नव्हती. स्टीफन्सने ती भूक ओळखली, हे त्याचे मोठेपण.

त्याच्या मागून आलेल्या सत्तेने मात्र ती ओळखली नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या छापील प्रती दुर्मिळ झाल्या. मंगळूरकडच्या ख्रिस्ती समाजाने तो ग्रंथ जपला, आणि १९०७ साली मंगळुरासच तो पुन्हा छापला गेला. हुकमाने भाषा मरत नाही. ती घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसते, एवढेच.

आता अडीचशे वर्षे पुढे यावे आणि बेळगावास जावे. तेथे १८३१ साली एका कासार कुटुंबात बाबा पदमनजी जन्मले. घर धार्मिक, पूजाअर्चा आणि व्रतवैकल्ये यांनी भरलेले. मुलगा मिशनच्या शाळेत गेला, पुढे मुंबईस शिकला. जातिभेद मोडण्यासाठी निघालेल्या गुप्त परमहंस सभेत तो वावरला. परजातीच्या माणसाने भाजलेला पाव सभासदाने खावा, अशी त्या सभेची कसोटी होती. दार लावून पाव खायचा आणि दार उघडून सोवळे पाळायचे, हे दुटप्पी वागणे त्या तरुणाला फार काळ मानवले नाही. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने बाप्तिस्मा घेतला.

या सर्व प्रवासाची कथा त्यांनी पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहिली. ते १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीतल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. एका ख्रिस्ती तरुणाने आपली श्रद्धा, आपले घर आणि आपल्या भोवतीचा समाज यांचा मांडलेला हिशेब, असे त्याचे स्वरूप आहे. हिशेब कडक आहे. ज्या चालीरीतींत आपण वाढलो त्यांना ते फारशी सवलत देत नाहीत. विधवेचे हाल करणारी रूढी आणि भोळ्यांना भुलविणारे कर्मकांड ज्या समाजात चालते, त्याच्या गाण्यागोष्टींविषयी हळवे होणे त्यांना परवडणारे नव्हते. घर सोडताना जो मागे वळून पाहतो त्याचा पाय अडखळतो, अशी काहीशी त्यांची धारणा असावी.

परंतु गंमत अशी की, याच बाबा पदमनजींना १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहावे लागले. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि वाटेत विधवांच्या दुःखाच्या एकेक कहाण्या पाहतात, अशी ती गोष्ट. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. जुन्या कथांचे दार ज्यांनी लावून घेतले, त्यांनाच लोकांच्या घरात शिरताना कथेचे दार ठोठवावे लागले. लोकांना गोष्ट लागते. तीत काय घालावयाचे, हा पुढचा प्रश्न.

तिसरे नाव आपल्या परिसराशी अधिक जवळचे आहे. नारायण वामन टिळक हे लोकमान्यांचे समकालीन, कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले, कवी आणि वृत्तीने फिरस्ते. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन वाचून ते थक्क झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर हा आघात कसा कोसळला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगावयास नको. काही वर्षे पतिपत्नी दुरावली. पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे राहावयास आल्या, तरी सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत होते आणि त्यांची सीमा चुलीपाशी होती. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा ती सीमा पुसली गेली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर म्हणजे एका दिवसाचा विधी, असे आपण समजतो. खरे धर्मांतर रोजच्या पाण्याच्या घागरीपाशी होते आणि त्याला वर्षे लागतात, हे या बाईंनी जितक्या हसतखेळत सांगितले तितके कोणा पंडिताने सांगितलेले नाही.

टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले तेव्हा तेथील मंडळ्यांत गाणे बहुधा परके होते. इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर म्हणावयाची. शब्द मराठी, पण श्वास मराठी नव्हे. अपवाद नव्हता असे नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरास १८६० नंतरच्या दशकातच ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला होता. ती पायवाट टिळकांनी हमरस्ता केली.

कीर्तनाची घडण आपण सर्व जाणता. पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे निरूपण, मध्ये सर्वांचे भजन, आणि उत्तररंगात आख्यान. या घडणीला हात न लावता त्यांत नवा आशय भरता येतो. पूर्वरंगात प्रीतीचे किंवा क्षमेचे वचन घ्यावे आणि उत्तररंगात बापाचे घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचे आख्यान लावावे. मुलगा परत येतो आणि म्हातारा बाप धावत सामोरा जातो, या जागी मृदंगाची थाप पडली की खेड्यातल्या श्रोत्याला ही गोष्ट परदेशची आहे, असे सांगूनही पटणार नाही. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जातात. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

हे बळ त्यांना कोठून मिळाले? तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. तो सेतू ज्या देहूत बांधला गेला ती देहू या मंडपापासून हाकेच्या अंतरावर नसली, तरी एका सायकलफेरीच्या अंतरावर खास आहे.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. नगर आणि जालना भागांत जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य लोक ब्राह्मण नव्हते. ते गावकुसाबाहेरचे महार-मांग होते. १८७६ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या विशेष वाढली. एकतारी आणि हलगी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. परंतु देवळाच्या आत उभे राहून कीर्तन ऐकण्याची मात्र त्यांना मनाई होती. त्याच माणसाने गळ्यात वीणा घालून मंडळीपुढे निरूपणाला उभे राहावे, यात केवढी क्रांती होती, याचा विचार करा. टिळकांना आपले गाणे परत मिळाले असेल. या लोकांना तर जे गाणे दारातूनच ऐकावे लागत होते, ते प्रथमच उंबरठ्याच्या आत मिळाले.

टिळकांचे हे चालणे सर्वांना मानवले असे मात्र नाही. दोन्हीकडून संशय होता. जुने स्वकीय म्हणत, हा बाटला. आणि काही नवे स्वकीय मनात म्हणत असावेत, हा पुरता बाटलाच नाही. अखेरीस १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यांत येण्याची मोकळीक होती. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक वारले आणि दरबाराचा मांड विसकटला. संस्था म्हणून तो प्रयत्न फसला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची पदे टिकली. संस्थेला घटना लागते, पैसा लागतो, वारस लागतो. पदाला फक्त एक गळा लागतो.

या तीन हकीकतींतून आम्ही काय घ्यावे? पदमनजी चुकले आणि टिळक बरोबर, असा सोपा निकाल आम्ही देणार नाही. पदमनजींच्या कडकपणामागे विधवेचे अश्रू होते. वारसा म्हणून जे जे येते ते ते गोंजारत बसणाऱ्यांनी ते अश्रू पाहिलेले नसतात. परंतु टिळकांनी जे दाखविले तेही खरे आहे. गाण्याची चाल ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. ती भूमीची असते, आणि भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाची असते. निवड करावयाची ती चालीची नव्हे, आशयाची. हे गाणे कोणाचे, हा प्रश्न लहान. हे गाणे गाताना मी कसा माणूस होतो आणि माझ्या शेजाऱ्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहतो, हा मोठा.

आपल्याच काळातले उदाहरण द्यावयाचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे देता येईल. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसतो, यावर काहींनी कुरकुर केली. स्टीफन्सच्या चारशे वर्षांनंतरही ती होते, यावरून आमच्या त्या तरुणाचा प्रश्न शिळा झालेला नाही, हे दिसते.

त्या तरुणाला आम्ही हे सर्व सांगितले. ढोलपथकात जावे की न जावे, हे सांगितले नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही. तो ठरविण्याचा अधिकार त्याचा. जाताना 'स्मृतिचित्रे' मात्र मागून नेले. दोन महिन्यांनी परत आणून दिले तेव्हा पुस्तकाच्या कडांना यंत्राच्या तेलाचे बोटांचे ठसे होते. त्याने संकोचाने क्षमा मागितली. आम्ही म्हणालो, पुसू नकोस. पुस्तक वाचले गेल्याची याहून चांगली पावती आम्हांला मिळालेली नाही.

मग तो म्हणाला, "सर, नाताळात गावी भजन आहे. ढोलकी माझ्याकडे आहे. यंदा खोलीतले तिघेही येतो म्हणाले आहेत."