कॅमेऱ्यात फोटोची साइज कोणती ठेवायची? कार्ड भरतंय म्हणून 'स्मॉल' करण्याआधी हे वाचा

चैत्र-वैशाखात खेड तालुक्यातल्या गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की कुरुळी-चाकण पट्ट्यातल्या अनेक तरुणांच्या गळ्यात कॅमेरा दिसू लागतो. आठवडाभर कंपनीत शिफ्ट आणि सुट्टीच्या दिवशी बैलगाड्याचा घाट. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिल्यापासून घाटावरची गर्दी पुन्हा वाढली आणि फोटो काढणारेही वाढले.

आणि नेमकी रंगात आलेली बारी सुटताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मेसेज येतो : 'कार्ड फुल'.

अशा वेळी अनेक जण एक सोपा उपाय करतात. मेन्यूत जाऊन फोटोची साइज 'लार्ज'वरून 'स्मॉल' करतात. तेवढ्यापुरती जागा होते. पण या एका बटणाची किंमत बऱ्याचदा काही वर्षांनी कळते.

आमच्या घरी हेच झालं. काही वर्षांपूर्वी मावसभावाच्या लग्नात ८ जीबीचं एकच कार्ड होतं. ते दिवसभर पुरावं म्हणून मी सकाळीच साइज 'स्मॉल' आणि क्वालिटी 'बेसिक' करून ठेवली. पुढे आजोबा गेले. भिंतीवर लावायच्या फोटोसाठी सगळ्यांना त्याच लग्नातला, फेट्यातला हसरा फोटो हवा होता. फ्रेमवाले काका म्हणाले, "ताई, व्हॉट्सॲपवरचा नको, ओरिजिनल पाठवा." मी पाठवलेला फोटो ओरिजिनलच होता.

नेमकं कुठे चुकलं?

साइज आणि क्वालिटी : दोन वेगळ्या गोष्टी

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि १० लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. 'साइज' या सेटिंगने फोटोत किती पिक्सेल असतील ते ठरतं. उदाहरणार्थ, निकॉन डी३५०० या कॅमेऱ्यात तीन पर्याय आहेत :

- लार्ज : ६००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल
- मीडियम : ४४९६ बाय ३०००, म्हणजे सुमारे १ कोटी ३५ लाख
- स्मॉल : २९९२ बाय २०००, म्हणजे सुमारे ६० लाख

स्मॉलमध्ये फोटोची लांबी-रुंदी निम्मी होते, पण पिक्सेल मात्र चौथाईच उरतात. मूळच्या चार ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका येतो.

'क्वालिटी' म्हणजे फाइन, नॉर्मल आणि बेसिक. यात पिक्सेलची संख्या तेवढीच राहते, फक्त फाइल कमी-जास्त दाबून भरली जाते. जेपीईजी पद्धतीत फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक गाळले जातात. ढोबळमानाने नॉर्मलची फाइल फाइनच्या निम्मी होते आणि बेसिकची नॉर्मलच्या निम्मी. फार दाबलं तर मात्र ते चौकोन दिसू लागतात. संध्याकाळचं आकाश किंवा उधळलेला भंडारा अशा ठिकाणी ते पटकन लक्षात येतं.

तिसरा पर्याय 'रॉ'. यात सेन्सरवरची माहिती जवळपास जशीच्या तशी साठवली जाते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अशी एक फाइल साधारण २० ते ३० एमबीची होते. कॉम्प्युटरवर बसून एडिटिंग करणाऱ्यांना तिचा उपयोग आहे. तुम्ही करत नसाल, तर जागा अडवण्यात अर्थ नाही.

कार्डाचा हिशेब

लार्ज-फाइन फोटो दृश्यानुसार साधारण ८ ते १२ एमबीचा होतो. आपण १० धरू. समजा, एका बारीला १० सेकंद बटण दाबून धरलं आणि कॅमेरा सेकंदाला ५ फोटो काढतो. म्हणजे एका बारीचे ५० फोटो, ५०० एमबी. ३२ जीबीचं कार्ड ६४ बाऱ्यांत संपलं!

आता क्वालिटी फक्त एक पायरी खाली, नॉर्मलवर आणा. त्याच कार्डात जवळपास दुप्पट बाऱ्या बसतील आणि पिक्सेल एकही कमी होणार नाही. म्हणून जागा कमी पडत असेल तर साइजला हात लावू नका, आधी क्वालिटी 'नॉर्मल' करा. शिवाय बटण सलग दाबून धरण्यापेक्षा बैल समोर आल्यावर तीन-चार फोटो घेतले, तर कार्ड कितीतरी जास्त टिकतं.

जाता जाता एक शंका. ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९.८ जीबीच का दिसतं? तर कंपन्या १०० कोटी बाइट म्हणजे एक जीबी धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा एक जीबी सुमारे १०७ कोटी बाइटचा असतो. हा फक्त मोजमापातला फरक आहे, फसवणूक नाही.

प्रिंटसाठी किती पिक्सेल लागतात?

हातात धरून बघायच्या प्रिंटसाठी एका इंचात ३०० पिक्सेल हे चांगलं माप मानतात. त्यानुसार :

- ४ बाय ६ इंच (अल्बम) : १२०० बाय १८००, सुमारे २ मेगापिक्सेल
- ८ बाय १२ इंच : २४०० बाय ३६००, सुमारे ९ मेगापिक्सेल
- १२ बाय १८ इंच (भिंतीवरची फ्रेम) : ३६०० बाय ५४००, सुमारे १९ मेगापिक्सेल

म्हणजे अल्बमसाठी स्मॉल पुरून उरतो. चौकातला फ्लेक्स लांबून बघितला जातो, त्यामुळे त्याला इंचामागे इतके पिक्सेल लागत नाहीत. खरी अडचण येते ती फोटो कापताना. आजोबा ज्या फोटोत होते त्यात आणखी दोघं होते. आजोबांचा चेहरा जेमतेम ३०० पिक्सेल रुंद होता. फ्रेममध्ये तो ५ इंचांचा करायचा म्हणजे इंचाला फक्त ६० पिक्सेल. लार्जवर काढला असता तर १२० मिळाले असते. भिंतीवर, चार हात लांबून बघायला तेवढे चालले असते.

मोठा फोटो नंतर कधीही लहान करता येतो. लहान फोटोत नसलेला तपशील मात्र परत आणता येत नाही. ॲप फोटो 'मोठा' करून देतात, पण त्यात भर अंदाजाची असते. चेहरा नितळ दिसेल, पण तो आपल्या माणसाचाच असेल असं नाही.

लहान फोटो हवा असेल तेव्हा?

बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या अर्जात फोटो २० ते ५० केबीचाच लागतो. त्यासाठी मूळ फोटोची कॉपी करा आणि ती कॉपी लहान करा. अनेक कॅमेऱ्यांच्या मेन्यूतही 'रिसाइज' असतं, त्याने लहान फोटोची वेगळी फाइल तयार होते आणि मूळ फोटो तसाच राहतो.

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. ऑगस्ट २०२३ पासून 'एचडी'चा पर्याय आला असला, तरी मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ग्रुपवरून परत डाउनलोड केलेल्या फोटोवर विसंबून मूळ फोटो डिलीट करू नका.

फोनचं काय?

५० मेगापिक्सेलचे बरेच फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतात. रोजच्या वापराला तो पुरतो. पूर्ण ५० चा मोड भरपूर उजेडात आणि मोठ्या प्रिंटसाठीच वापरा.

जागा वाचवायची ती इथे

- घरी आल्यावर त्याच रात्री हललेले, डोळे मिटलेले, एकसारखे फोटो काढून टाका. ५० पैकी ५ ठेवले तरी बारी आठवते.
- उरलेले दोन ठिकाणी ठेवा. १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये १० एमबीचे सुमारे १ लाख फोटो बसतात.
- गुगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत मिळतात. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं असेल तर तिथला फोटो मूळ प्रत नसतो.
- दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.
- चुकून फोटो डिलीट झाले तर त्या कार्डावर पुढचा एकही फोटो काढू नका. नवा फोटो जुन्याच्या जागेवर बसतो. तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो परत मिळण्याची शक्यता असते.

थोडक्यात, कॅमेरा 'लार्ज'वर आणि 'फाइन' किंवा 'नॉर्मल'वर ठेवा आणि खिशात एक जादा कार्ड असू द्या. कोणता फोटो फ्रेममध्ये जाणार आहे, हे तो काढताना कुणालाच माहीत नसतं.