बालमासिकांतील बुद्धचरित्र आणि शाळेचा उंबरठा

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलांच्या हाती क्रमिक पुस्तकांखेरीज जे वाचन पडे, त्यात बालमासिकांचे स्थान मोठे होते. १८७३ साली अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ निघाले. १८८१ साली शिक्षणखात्यातील विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ सुरू केले, तर १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात ‘आनंद’ मासिक काढले. चरित्र, कविता, बोधपर गोष्ट आणि सोप्या भाषेतील शास्त्रीय माहिती, असा त्यांतील मजकूर असे.

या साध्या मजकुराचे सामर्थ्य किती होते, याचे उत्तम उदाहरण आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) होत. गोव्यातील साखवाळ गावी, उच्च शिक्षणाची सोय नसलेल्या या तरुणाच्या वाचनात ‘बालबोध’मधील बुद्धचरित्र आले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी तसे नमूद केले आहे. १८९९ साली त्यांनी घर सोडले आणि १९०२ साली सिंहलद्वीपात प्रव्रज्या घेतली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालि शिकविली. मुलांसाठी लिहिलेले ते चार पानांचे चरित्र नसते, तर महाराष्ट्रातील पालि अध्ययनाला आपला हा आचार्य कदाचित लाभला नसता.

परंतु ही मासिके वाचण्यासाठी अक्षरओळख हवी, आणि त्यासाठी शाळेचा उंबरठा ओलांडावा लागे. ज्या काळात ‘बालबोध’चे अंक घरोघर वाचले जात होते, त्याच काळात साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसत होते. ते गोणपाटही रोज घरून न्यावे व परत आणावे लागे. शिपाई नसेल त्या दिवशी त्यांना पाणी मिळत नसे. त्यांच्या हाती बुद्धचरित्र आले ते विद्यार्थिदशेतच, पण मासिकातून नव्हे. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १८९८ साली लिहिलेले आपले पुस्तक त्यांना स्वतः भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीचे कृतज्ञतेने स्मरण केले आहे.

सार्वजनिक शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला तो १९२३ साली. तोपर्यंत ‘आनंद’ला सतरा वर्षे झाली होती. त्याच आपट्यांचे ‘बौद्धपर्व’ आणि कोसंबींचा ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हे दोन्ही ग्रंथ १९१४ सालीच प्रसिद्ध झाले होते. मराठीत बुद्ध होता. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती, त्यांच्या मुलांपर्यंत मात्र तो पोहोचत नव्हता. ही उणीव केवळ साहित्याची नव्हती, समाजव्यवस्थेची होती.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ते स्थळ आमच्या मोशीपासून दूर नाही. आज मोशी-चाकण परिसरातील कामगारांची मुले शाळेत जातात. त्यांना कोणी वेगळ्या गोणपाटावर बसवीत नाही. मात्र त्यांच्या वयाला झेपेल अशा मराठीत तथागतांचे चरित्र त्यांच्या हाती आहे काय, हा प्रश्न आम्ही अभ्यासकांनी स्वतःस विचारावयास हवा. पालि ग्रंथांची चिकित्सा आम्ही करतो, ती करावीच; परंतु चार पाने मुलांसाठीही लिहावीत. ती कोणाच्या हाती पडतील, हे साखवाळच्या उदाहरणावरून आपण जाणतो.