वेताळाची वंशावळ

ली फॉक यांनीं १९३६ सालीं अमेरिकेंत निर्मिलेला अरण्याचा मुखवटाधारी रक्षक १९६४ पासून इंद्रजाल चित्रकथांतून आपल्या देशांत आला व पुढें ‘वेताळ’ या नांवानें मराठी बोलूं लागला. त्याचा ‘बंगाला’ देश येथें ‘डेंकाली’ झाला. बाप गेला कीं मुलगा तोच मुखवटा चढवी. एकवीस पिढ्यांचें हें गुपित बारामती-इंदापुराकडील मुलांना तोंडपाठ असे.

मालोजीराजांची गढी असलेल्या इंदापुरांत मी भोसल्यांची वंशावळ शिकवीत असतां एका विद्यार्थ्याचा अंक मीं जप्त केला, आणि रात्रीं स्वतःच दोनदां वाचला. लाजेनें तो परत मात्र केला नाहीं. १९९० सालीं ही माला बंद पडली. अंक अजून माझ्या पेटींत आहे. वंशपरंपरा म्हणजे काय, हें तो मुलगा माझ्या तासापूर्वींच शिकला होता.