स्लॅबमधल्या दोन कड्या : बाळाच्या खोलीचा घरगुती इतिहास

मागचे काही भाग आपण किल्ले, लढाया आणि तहांमध्ये रमलो होतो. आजचा विषय एकदम घरातला आहे. बाळाची खोली. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठून आला? मलाही आधी तसंच वाटलं होतं.

तर झालं असं. रीतीप्रमाणे बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सांगलीला गेली. मी साताऱ्यात, घरूनच ऑफिसचं काम. हातात तीन महिने होते. इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट उघडली. कॉट, कपाट, भिंतीवर ढगांचा वॉलपेपर, कॉटच्या वर पुस्तकांसाठी जाड लाकडी फळी. कोटेशन आलं ८६ हजार. मोठ्या उत्साहानं लॅपटॉपवर आजीला चित्र दाखवलं. तिनं चष्मा सारखा केला आणि सरळ त्या फळीवर बोट ठेवलं.

"आरं, पोराच्या डोक्यावर हे कुणी लावलं? काढ ते आधी."

बाकी खोलीबद्दल एक शब्द नाही. आजचा भाग त्या बोटापासून सुरू होतो.

आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली. घरं बहुतेक दगडमातीची, आणि लोक साखरझोपेत. माझे थोरले काका तेव्हा तीन महिन्यांचे होते. तुळईच्या कडीला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात ते झोपायचे. त्या पहाटे रडले म्हणून आजीनं त्यांना पाजायला खाली घेतलं होतं. झोळीमागच्या भिंतीत फळी, फळीवर तांब्या-पितळेची भांडी. सगळं झोळीवर आलं. काका आजीच्या कुशीत होते म्हणून वाचले. हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी फळी लावायला निघालो तेव्हा कळलं.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे 'बाळाची खोली' असं वेगळं काही नव्हतंच. होती ती बाळंतिणीची खोली. माजघराच्या आतली, वारा न लागणारी, उजेड मंद. सोयराचे दिवस, मग बाराव्या दिवशी बारसं. तोवर येणारी-जाणारी माणसं आपोआप कमी. आज आपण ज्याला 'शांत खोली' म्हणून पैसे मोजतो, ती शांतता तिथे रीतीनंच मिळायची. पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्याच बंद खोलीत शेगडी असायची, धुरी असायची, आणि तो धूर बाळाच्या छातीत जायचा. ते सुटलं ते बरंच झालं.

मला मजा वाटली ती तुळईच्या कडीची. आधी त्या कडीला झोळी. मग बारशाला पाळणा, त्यावर रंगीत चिमण्यांचं चिमणाळं. पोर पालथं पडून बसायला लागलं की पाळणा निघाला. मग जमिनीवर पांगुळगाडा आला आणि कडीला कंदील लागला. पुढचं भावंड आलं की पुन्हा झोळी. म्हणजे खोली तीच, कडी तीच, फक्त टांगलेली वस्तू बदलायची. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम तीच, व्हर्जन नवीन.

हाच विचार शाळेत कसा आला बघा. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी 'मुलांचं घर' सुरू केलं. मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, हाताला येतील अशी कपाटं. आपल्याकडे हे काम ताराबाई मोडकांनी हाती घेतलं. त्या आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. पण ताराबाईंना पुढे एक अडचण दिसली: परदेशी पद्धतीची साधनं महाग. गावातल्या पोरांनी काय करायचं? १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी निघाली, सोबत अनुताई वाघ होत्या. साधनं कसली, तर शंख-शिंपले, बिया, माती, पानं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पुढे १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. थोडक्यात, मुलाची जागा पैशानं नाही, मुलाच्या उंचीनं ठरते.

आता सांगली. सासुरवाडी कृष्णेच्या जवळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा मेहुणीचं बाळ वर्षाचंही नव्हतं. सासूबाई सांगतात, जड लाकडी कॉट खालीच भिजून फुगली. माडीवर काय नेता आलं? गोधडी, दुपटी, आणि एक जुनी नऊवारी. माडीवरच्या कडीला झोळी बांधली आणि बाळ झोपलं. बाहेर बोटी फिरत होत्या.

एवढं ऐकल्यावर मी शीट पुन्हा उघडली. फळी काढली. कपाट बुटकं घेतलं आणि मागून भिंतीला ब्रॅकेटनं पक्कं केलं, कारण हाच पोरगा उद्या त्यावर चढणार. वॉलपेपरऐवजी फिक्का चुना. एक बाजू काढता येईल अशी साधी कॉट, म्हणजे पुढे तीच पलंग होईल. चाकांचा बसका वॉकर रद्द; कॅनडानं तर २००४ मध्येच त्यावर बंदी घातली. ढकलत चालायचा पांगुळगाडा मात्र सुताराकडून करून घेतला. खर्च निम्म्याहून खाली आला.

एका मुद्द्यावर आजीशी वाद झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: झोपताना बाळ पाठीवर, गादी सपाट आणि घट्ट, उशी नको, मऊ पांघरुणांचा ढीग नको. झोळीत बाळाची मान वाकते. आजीला वाईट वाटलं. म्हणाली, "मग आमची कशी वाढली?" मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "सगळी नाही वाढली." मग ठरलं, रात्री आणि झोपेला कॉट. झोळी फक्त दिवसा, बाळ जागं असताना, आजी शेजारी बसलेली असेल तेव्हाच.

आमचं साताऱ्याचं घर १९९६ चं. स्लॅब पडताना आजीनं गवंड्याला प्रत्येक खोलीत दोन कड्या टाकायला लावल्या होत्या, एक पंख्याची, एक बाळाची. मी त्याच दुसऱ्या कडीला वाढलो. इतकी वर्षं तिथे मच्छरदाणीची दोरी होती. मागच्या रविवारी पोरगा सांगलीहून आला. आजीनं खुर्ची मागवली, मला वर चढवलं आणि दोरीची गाठ सोडायला सांगितली. कडी हलवून बघितली. पक्की आहे.

तुमच्या घरात अशी कडी आहे का? आणि तिच्याखाली कोण कोण झोपलंय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. पुढच्या भागात भेटूच.