२ चा १२७ वा घात उणे १ : एका मूळ संख्येच्या सिद्धतेचा इतिहास

प्रस्तावना :
एखादी संख्या मूळ आहे असे विधान करणे आणि ती मूळ असल्याचे सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यास १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. तिच्याबाबत या दोहोंत २३२ वर्षांचे अंतर पडले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

मर्सेन यांची यादी :
फ्रेंच धर्मोपदेशक व गणितज्ञ मारँ मर्सेन (१५८८-१६४८) यांनी १६४४ मध्ये एक यादी प्रसिद्ध केली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ यांपासूनच अशी मूळ संख्या मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिद्धता मात्र दिलेली नव्हती. ऑयलर यांनी १७७२ मध्ये ३१ या घातांकाची संख्या मूळ ठरवली. त्यासाठी त्यांनी संभाव्य विभाजकांची संख्या मर्यादित करून उरलेले तपासले. ३९ अंकी संख्येसाठी हा मार्ग बंदच होता. कारण तिथे विभाजकांचा शोध २० अंकी संख्यांपर्यंत न्यावा लागला असता.

लुकास यांची कसोटी :
एदुआर लुकास (१८४२-१८९१) यांनी विभाजक शोधण्याचा मार्गच सोडला. घातांकाला ४ ने भागून बाकी ३ उरत असल्यास ३ पासून आरंभ करावा. प्रत्येक पदाचा वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकाहून एकने कमी क्रमांकाचे पद शून्य आले, तर संख्या मूळ ठरते. उदाहरणार्थ, घातांक ७ असता संख्या १२७ येते आणि पदे ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी मिळतात. सहावे पद शून्य आहे. घातांक १२७ साठी हीच कृती १२५ वेळा करावी लागते. लुकास यांनी द्विमान पद्धतीने व बुद्धिबळासारख्या पटाच्या साहाय्याने हे गणित हातानेच केले आणि १८७६ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. त्यांच्या मांडणीतील अपुरेपणा दूर करून डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये कसोटीची परिपूर्ण सिद्धता दिली.

यादीतील दोष :
याच पद्धतीने लुकास यांनी घातांक ६७ ची संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. परंतु तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता. १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे अवयव एफ. एन. कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. घातांक २५७ ची संख्याही पुढे संयुक्त ठरली. उलट मर्सेन यांनी वगळलेले ६१ (पेर्वुशिन, १८८३), ८९ आणि १०७ (पॉवर्स, १९११ व १९१४) हे घातांक मूळ संख्या देणारे निघाले. यादीत एकूण पाच चुका आढळल्या.

निष्कर्ष :
१९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, ही सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खातरजमाही लुकास-लेहमर कसोटीनेच झाली. तथापि तिचे खरे महत्त्व आकारात नाही. मर्सेन १२७ बाबत बरोबर होते आणि ६७ बाबत चूक. पण दोन्ही विधाने त्यांनी सारख्याच निश्चयाने केली होती. त्यांतील भेद ओळखण्याचे साधन यादीत नव्हते. ते सिद्धतेने दिले.